मुखवटा आणि मंद्र स्वर

मनुष्याचे डोळे मोठे उतावळे आणि कान मोठे सोशिक. डोळ्यांनीं एकदां निकाल देऊन टाकला, कीं कान बिचारे तोच निमूटपणें मान्य करितात. ह्या अन्यायाचें एक उदाहरण पाश्चात्य रॉक संगीतांत आम्हांस वारंवार आढळतें व त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आज योजिलें आहे. जे गायक वेष आणि रंगभूषा ह्यांच्या जोरावर रंगमंच गाजवितात आणि त्याच वेळीं बेस गिटारही वाजवितात, त्यांच्या वादनाचें योग्य चीज होतें काय?

बेस गिटार म्हणजे साधारणतः चार जाड तारांचें वाद्य. नेहमींच्या गिटारीच्या खर्जाकडील चार तारांपेक्षां ह्या तारा एक सप्तक खालीं मिळविलेल्या असतात. लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन’ नांवाची बेस बाजारांत आणिली, तेव्हांपासून तिचा प्रसार झपाट्यानें झाला. आपल्याकडील श्रोता तिला तंबोऱ्याच्या जागीं कल्पितो. परंतु तंबोरा एका जागीं बसून आधार देतो, तर बेस चालतां चालतां आधार देते. ड्रमचा ठोका एका तीरावर, गाण्याचे स्वर दुसऱ्या तीरावर, आणि मध्यें हा पूल. पुलाकडे कोणी पाहत नाहीं. तो खचला म्हणजे मात्र सर्वांच्या ध्यानांत येतें.

आमच्या प्रश्नाचा अगदीं नमुनेदार मासला म्हणजे न्यूयॉर्क शहरीं १९७३ सालीं स्थापन झालेल्या ‘किस’ ह्या बँडचे जीन सिमन्स. हे १९४९ सालीं हैफा येथें जन्मले, लहानपणींच आईबरोबर अमेरिकेस गेले आणि कांहीं काळ त्यांनीं शाळेंत मुलांना शिकविलेंही. पुढें मात्र तोंडास पांढराकाळा रंग फांसून त्यांनीं राक्षसाचें सोंग घेतलें. उंच टाचांचे बूट, लांबलचक जीभ, तोंडांतून आग आणि खोटें रक्त. हातांतील वाद्यालाही कुऱ्हाडीचा आकार! इतकें पाहून झाल्यावर त्या कुऱ्हाडीच्या तारांतून काय निघतें, हें ऐकण्यास कोणास सवड राहणार? तरी ‘डेट्रॉइट रॉक सिटी’ (१९७६) हें गाणें वाचकांनीं एकदां डोळे मिटून ऐकावें. गिटारींच्या गर्जनेखालीं बेस नुसतीं मुळाक्षरें गिरवीत नाहीं. दौडत्या घोड्यासारखी उसळत ती स्वतःची एक स्वतंत्र चाल बांधते.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणेंही प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. सिमन्स हे कांहीं अचाट तयारीचे वादक नव्हेत. ‘किस’च्या कांहीं गाण्यांच्या मुद्रणांत तर बेस त्यांच्या सहकाऱ्यांनींच वाजविली. शिवाय ज्यानें आपण होऊन मुखवट्याचा बाजार मांडला आणि त्यावर अमाप पैसा मिळविला, त्यानें लोक मुखवटाच पाहतात अशी तक्रार कोणत्या तोंडानें करावी? हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु तक्रार करण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न निराळा आणि वस्तुस्थिति काय, हा निराळा.

ती वस्तुस्थिति पाहण्याकरितां आम्ही आमच्या जुन्या बेस गिटारीवर एक साधा प्रयोग केला. सिमन्स ह्यांनींच रचलेलें व गाइलेलें ‘ड्यूस’ (१९७४) हें गाणें निवडलें. नुसती बेस थोड्या दिवसांत हातीं बसली. नुसतें गाणें तर त्याहून लवकर. पण दोन्ही एकत्र करूं जातां बोटें शब्दांच्या मागें धावूं लागलीं आणि शब्द बोटांच्या मागें! साधी गिटार वाजवीत गाणें त्या मानानें सोपें. तेथें हात ठेका धरतो व गळा त्यावर स्वार होतो. बेसवर हात एक चाल म्हणतो आणि गळा दुसरी. जणूं दोन माणसांशीं दोन विषयांवर एकाच वेळीं बोलावें. महिनाभरानें तें कसेंबसें जमूं लागलें, तेंही खुर्चीवर स्वस्थ बसून. उंच टाचांच्या बुटांवर, अवजड वेषांत, हजारों लोकांसमोर हें करणाऱ्याविषयीं तेव्हांपासून आम्ही जपून बोलतों.

दुसरें उदाहरण इंग्लंडच्या लेमी ह्यांचें. त्यांनीं १९७५ सालीं ‘मोटरहेड’ हा बँड काढला. त्यांची टोपी, गलमिशा आणि उंच मायक्रोफोनकडे मान वर करून गाण्याची ढब सर्वत्र ओळखीची झाली. परंतु पूर्वीं गिटार वाजविलेला हा मनुष्य बेसवरही अनेक तारा एकदम झणत्कारीत असे, आणि त्यामुळें तिघांच्या बँडमध्यें दुसऱ्या गिटारीची उणीव भासत नसे. ‘थिन लिझी’चे नायक, डब्लिनचे फिल लायनट ह्यांनीं आपल्या काळ्या बेसवर आरशासारखी पट्टी बसविली होती. दिव्यांचा झोत तीवर पडून प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाई. त्या पट्टीनें प्रेक्षकांचे डोळेच नव्हे, तर कानही दिपविले असें आम्हांस वाटतें. कारण ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ (१९७६) ह्या गाण्यांत दोन गिटारी जोडीनें स्वर आळवितात, त्यांच्या पायांखालची जमीन लायनट ह्यांचीच बेस आहे, आणि गळाही त्यांचाच.

‘पोलीस’ ह्या त्रयीचे स्टिंग हेही आधीं शाळामास्तरच होते. १९७८ सालीं एका जाहिरातीकरितां तिघांनीं केस पिवळे रंगविले आणि तेंच त्यांचें निशाण ठरलें. हा बँड १९८० सालीं मुंबईंतही वाजवून गेला. त्यांच्या ‘वॉकिंग ऑन द मून’ (१९७९) ह्या गाण्यांत बेसचे स्वर मोजके आणि मधले विसावे लांब आहेत. गाण्याचा तरंगता भास त्या रिकाम्या जागांतच आहे. कोठें वाजवूं नये हें कळणें ही लहान विद्या नव्हे.

उलटपक्षीं ‘द हू’चे जॉन एंटविसल हे रंगमंचावर खांबासारखे स्थिर उभे राहत. ‘माय जनरेशन’ (१९६५) ह्या गाण्यांत बेस एकटीच पुढें येऊन बोलते, तें वादन त्यांचें. त्यांस थोर वादक म्हणतांना कोणी अडखळत नाहीं, व तें योग्यच आहे. पण स्थिर उभा राहील तो गुणी आणि आग ओकील तो केवळ सोंगाड्या, हा न्याय कोठला?

असला न्याय परदेशच्या रंगमंचावरच चालतो असें नाहीं. वर्गांत एखाद्या मुलाचें ‘विदूषक’ म्हणून एकदां नांव पडलें, कीं त्याचें गणित बरोबर आलें तरी ‘कोणाचें पाहून लिहिलेंस?’ असेंच विचारलें जातें. सिमन्स ह्यांस कीर्ति व संपत्ति मिळाली, त्यांचें आमच्यावांचून कांहींच अडलेलें नाहीं. त्या मुलाचें मात्र अडतें. आणि कानाजवळ आलेला चांगला स्वर निसटला म्हणजे आपलेंही.

‘किस’नें २ डिसेंबर २०२३ रोजीं न्यूयॉर्क येथें निरोपाचा जलसा केला. ध्वनिमुद्रिका मात्र आपल्याजवळ आहेत. ध्वनिमुद्रिका वाजूं लागली कीं तेथें रंग नाहीं, आग नाहीं, जीभ नाहीं. खालच्या पट्टींत चार तारा तेवढ्या चालत असतात. त्या प्रथम ऐकाव्या, आणि मग ज्याचें माप जेवढें भरेल तेवढें त्याच्या पदरांत घालावें.