आत काय भरले आहे?

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या खुंटीला दोन चौकोनी कापडी गाद्या टांगलेल्या असतात. गरम भांडे उतरवताना हातात धरण्याच्या. वीतभर लांब, वीतभर रुंद. बाजारात याहून देखण्या मिळतात. पण मी त्या घरीच शिवते. शिवायला बसले, की दर वेळी मला आईचा उजवा अंगठा आठवतो.

१९८४ साली मी सातवीत होते. कार्यानुभवाच्या तासासाठी टाकाऊतून टिकाऊ अशी एखादी वस्तू करून न्यायची होती. मी गल्लीतल्या शिंप्याकडून टेरिलीन आणि टेरिकॉटच्या कातरणांची पिशवी मागून आणली. ती कातरणे हलकी, रंगीत आणि चकचकीत होती. ती दाबून भरली, वर सुती कापड घेतले, कडेला जुन्या साडीचा जांभळा काठ लावला आणि धावदोऱ्याने नक्षी काढली. जोडी मोठी सुबक झाली. शाळेच्या प्रदर्शनात तिला पहिले बक्षीस मिळाले.

घरी आल्यावर आजीने एक गादी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, बोटांनी चाचपली आणि विचारले, "आत काय भरलं आहेस गं?"

"कापडच की."

"कसलं कापड?"

आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला काय कळणार, असे मला वाटले. "आजी, बाईंनी पहिला नंबर दिला आहे," असे म्हणून मी तो विषय संपवला आणि गाद्या मोठ्या दिमाखात आईला दिल्या.

दोन-चार दिवसांनी आई बिडाच्या तव्यावर थालीपिठे लावत होती. रॉकेलचा स्टोव्ह जमिनीवर होता आणि शेजारी पाटावर माझा धाकटा भाऊ बसला होता. शेवटचे थालीपीठ उतरल्यावर रिकामा तवा थोडा वेळ तसाच तापत राहिला. मग आईने माझ्या गाद्यांनी तव्याचे दोन्ही कान धरले आणि तो उचलला. क्षणभरात उग्र वास आला. आतली कातरणे आक्रसली, वितळली आणि तो तप्त रस कापडातून बाहेर आला. आई तवा टाकून देऊ शकली असती. पण खाली भाऊ होता. ती मोरीपर्यंत चार पावले चालत गेली, तवा खाली ठेवला आणि मगच तिने हात उघडला. वितळलेला धागा अंगठ्याच्या कातडीला घट्ट चिकटला होता.

त्या काळी भाजलेल्या जागी शाई लावीत; आमच्याकडेही तेच केले. खरे तर भाजलेला भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा आणि चिकटलेले काही ओढून काढू नये, हे मला पुढे कळले. संध्याकाळी वडिलांनी विचारले, तेव्हा आई म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आजीने मला जवळ बसवले. रागावली नाही. तिने चिमणी पेटवली आणि चिमट्यात धरून एकेक धागा ज्योतीला लावला. सुती धागा कागदासारखा जळाला. मऊ, करडी राख उरली. घोंगड्याच्या लोकरीला केस जळल्याचा वास आला. ज्योतीतून बाहेर काढताच ती विझली आणि राख बोटांत चुरली. टेरिलीनचा धागा मात्र आक्रसला, काळा धूर सोडत वितळला आणि टोकाला कडक मणी तयार झाला. "हे चिकटतं," आजी म्हणाली, "चुलीजवळ हे नको."

आजीने दाखवले त्यामागचे कारण मी नंतर वाचले. टेरिलीन म्हणजे पॉलिस्टर. ते सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा त्याहूनही अधिक तापू शकतो. सूत वितळत नाही. फार तापले तर करपते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. स्पंजही वितळतो, म्हणून तो वर्ज्य. चकाकत्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा मोह होतो. पण तो दुरून येणारी उष्णता परतवतो, भांड्याला टेकला की उलट ती वाहून नेतो. हाताला खरे वाचवते ती कापडाच्या थरांत अडकलेली हवा. म्हणून भरण फुगीर हवे आणि टाके विरळ हवेत; दाट टाक्यांनी थर दबतात आणि शिवणीच्या रेषेतून चटका बसतो. ओल्या गादीने तर गरम भांडे कधीच धरू नये. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता पोचवते, शिवाय वाफेने भाजते ते वेगळेच.

आजीच्या देखरेखीखाली मी नवी जोडी शिवली. वरून विरलेल्या सुती धोतराचे कापड, मध्ये जुन्या सोलापुरी चादरीचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घोंगड्याचे तुकडे. पुढे आटू नये म्हणून सारे आधी धुऊन, वाळवून घेतले. ही जोडी मळकट रंगाची आणि ओबडधोबड झाली. प्रदर्शनात तिच्याकडे कोणी पाहिलेही नसते.

पुढे मी मराठीत एम. ए. झाले, पाठ्यपुस्तकांच्या कामात आले. शिकलेल्या माणसांमध्ये माझे आयुष्य गेले. तरीही ज्ञान म्हटले, की मला ती चिमणी आणि तिच्यापुढे धरलेला धागा आठवतो. बक्षीस देताना आत काय भरले आहे, हे कोणी विचारले नव्हते. विचारले ते एकट्या आजीने, आणि मी तिला नीट उत्तरही दिले नव्हते.

नवी जोडी मी आईपुढे ठेवली, तेव्हा मान वर करण्याचे धैर्य मला झाले नाही. अंगठ्यावर पट्टी तशीच होती. तिने काही विचारले नाही. गाद्या उचलल्या आणि त्यांनीच तापलेला तवा स्टोव्हवरून खाली उतरवला.