ताईंचं देणं

फर्दापूरला माणसं जगभरातून येतात. टी पॉइंटवर गाडी लावतात, तिथून बसनं अजिंठ्याच्या लेण्यांकडे जातात आणि संध्याकाळी परततात. आमचे अण्णा तिथं गारगोट्या आणि मण्यांच्या माळा विकत. भाव करण्यापुरतं जपानीही त्यांना यायचं. मला मात्र बीएनंतर बी.एड. नाहीतर पोलीस भरती, एवढंच ठाऊक.

सिल्लोडच्या एका मित्रानं मला एकलव्यच्या कार्यशाळेला ओढून नेलं. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये ही संस्था सुरू केली. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस), अझीम प्रेमजी अशा विद्यापीठांची वाट दाखवणं हे तिचं काम. तिथं ताई भेटल्या. मिलिंद महाविद्यालयात शिकून पुढं टिसला गेलेल्या. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत ते कॉलेज काढलं, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगायच्या.

अझीम प्रेमजीच्या अर्जासोबतच्या निबंधात मी ‘समाजाची सेवा’ वगैरे लिहिलं होतं. रात्री ताईंचा फोन आला.

“हे फर्दापूरच्या पोरानं लिहिलंय, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? अण्णांचं दुकान आधी कुठं होतं?”

“लेण्यांच्या पायथ्याशी. पर्यटनाच्या योजनेत टी पॉइंटला हलवलं.”

“हलवताना अण्णांना कुणी विचारलं होतं का?”

मला सांगता येईना. मी अण्णांना विचारलं. ते मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले. धंदा कसा बदलला, कोण तरलं, कोण गाव सोडून गेलं. वारसास्थळ जपताना तिथल्या माणसांचं पोट कुणी मोजायचं, हा प्रश्न त्या रात्री माझा झाला. निबंध पुन्हा लिहिला. ताईंनी तो ओळ न् ओळ वाचला, इंग्रजी नीट केलं, पण म्हणणं माझंच ठेवलं.

अझीम प्रेमजीत निवड झाली तेव्हा आई खर्चाच्या धास्तीनं गप्प झाली. उत्पन्न पाहून शिक्षणाची फी, राहणं, जेवण यांसाठी मदत मिळते, हे ताईंनीच तिला समजावलं. “काकू, कागद मी बघते. तुम्ही त्याची बॅग भरा.”

माहितीपत्रकं गावोगाव वाटता येतात. कुणाच्या तरी पोरासाठी रात्र रात्र जागणारं माणूस मिळणं दुर्मीळ. पहिल्या पगारातून ताईंसाठी साडी घेतली, ती त्यांनी घेतली नाही. सोयगाव तालुक्यातल्या दोन मुलींचे नंबर पाठवले आणि लिहिलं, “यांचे निबंध रविवारपर्यंत वाच. एकीचा उत्पन्नाचा दाखला अडकलाय, तेही बघ.”