निव्वळ वजन

आमच्या चिरंजीवांनी दीड वर्षापूर्वी कॉफीचे दुकान काढले. त्याला 'दुकान' म्हटलेले आवडत नाही, तो 'कॅफे' म्हणतो. मी 'हॉटेल' म्हणतो. आमची सौ. दोघांचेही मन राखायचे म्हणून 'त्याचं ते' असे म्हणते. "त्याचं ते आज लवकर बंद होणार आहे," असे ती मला सांगते, आणि मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "हं" म्हणतो. हे 'हं' बरेच दिवस चालले होते.

आमच्या घराण्यात हॉटेल कोणी काढले नव्हते. आजोबा तलाठी, वडील पोस्टात आणि मी वजनमापे खात्यात निरीक्षक. बत्तीस वर्षे मी लोकांचे तराजू उचलून पाहिले. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला आहे का, वजनाच्या बुडाशी शिसे आहे की नुसतेच भोक, मोहर कोणत्या सालची, हे पाहत पाहत केस पांढरे झाले. २०१७ साली निवृत्त झालो तेव्हा हाती फंडाची रक्कम आली आणि मनात असा समज होता, की आता घरात काही वजन करायचे उरलेले नाही. मुलगा इंजिनिअर झालेला, चांगल्या कंपनीत चिकटलेला. तो सहा वर्षांनी एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडतोय. कॉफीचं काहीतरी करायचं आहे. तुमच्या फंडातले थोडे द्याल का?"

मी नाही म्हटले. नुसते नाही म्हटले असते तर बिघडले नसते. पण माणूस एकदा बोलायला लागला की मोजून बोलत नाही. "पाणी विकायचा धंदा आहे हा, त्याला शिक्षण कशाला लागतं?" असे मी म्हणालो. तो पानावरून उठला नाही. उरलेला भात मुकाट्याने संपवून, ताट घासायला टाकून गेला. पुढे गौरीच्या दिवशी सौ.च्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. त्यानंतर मुलाशी माझे बोलणे गॅस सिलिंडर आणि विजेचे बिल या दोनच विषयांवर होऊ लागले. दुकान घरापासून चालत सहा मिनिटांवर, पण माझे पाऊल तिकडे वळले नाही. सकाळच्या फिरण्यात कोणी विचारलेच, तर "त्याचं स्वतःचं काहीतरी चालू आहे" असे सांगून मी हवापाण्याकडे वळत असे.

यावरून मला कॉफीचे वावडे आहे असे कोणी समजू नये. हिंदू कॉलनीत राहणाऱ्या माणसाला ते परवडणारही नाही. रस्ता ओलांडून माटुंग्यात शिरले, की हवेलाच कॉफीचा वास. किंग्ज सर्कलच्या अंगाने १९४० सालचे कॅफे मद्रास आहे, स्टेशनाजवळ १९४२ साली निघालेले रामा नायकांचे बोर्डिंग आहे, आणि मधल्या गल्ल्यांतून आणखी कितीतरी. त्यांतले एक माझे ठरलेले आहे. टेबलही ठरलेले. मी बसलो की पोऱ्या न विचारता इडली आणून ठेवतो. मग स्टीलच्या वाटीत पालथ्यासारखा उभा केलेला तो पेला येतो. एकीकडून दुसरीकडे हातभर उंचीवरून कॉफी ओतायची, फेस आणायचा, आणि ओठ पोळेल इतकी गरम असतानाच संपवायची. त्या कॉफीत चिकोरी असते, म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के तरी कॉफी असावी लागते आणि किती आहे ते पाकिटावर छापावे लागते. पण चिकोरीने कॉफीला जो दाटपणा येतो, तो मला प्रिय आहे. भेसळ म्हणून तिच्याकडे पाहणे मला आजवर जमलेले नाही, एवढी गोष्ट निरीक्षकाने कबूल करावी.

यंदाच्या जुलैतली गोष्ट. मुलगा बिया खरेदीला चिकमगळूरला गेला होता, चार दिवसांसाठी. मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे निघालो आणि पावसाने असे काही झोडपले, की मी एका दुकानाच्या छपराखाली उभा राहिलो. ते दुकान नेमके आमच्या चिरंजीवांचे होते. खरे सांगायचे, तर छत्री माझ्या हातात होती, आणि किंग्ज सर्कलचा रस्ता त्या बाजूने जातही नाही.

त्या जागी पूर्वी पिठाची गिरणी होती. डबे ठेवायच्या कट्ट्याशी मी दहा वर्षे गव्हाचा डबा घेऊन उभा राहिलेलो आहे. आता त्या कट्ट्याच्या जागी लाकडी फळी, आणि फळीमागे चष्मा लावलेली एक मुलगी. "या ना काका, आत बसा, भिजाल," असे म्हणाली. मालकाचे वडील कसे दिसतात हे तिला ठाऊक नव्हते, हे माझ्या पथ्यावर पडले. फळ्यावर पाचसहा नावे खडूने लिहिली होती. मी म्हटले, "तुमच्याकडची खास असेल ती द्या." किंमत पाहिली तर माझ्या नेहमीच्या कॉफीच्या पाचपट! पण मागे फिरायची सोय नव्हती.

मग तिने काटा काढला. तळहाताएवढा, चपटा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. मी खुर्ची सोडून उभा राहिलो. तिने वाटीत बिया ओतल्या. आकडा १५.१ वर थांबला. तिने एक बी उचलून परत बरणीत टाकली. मी सराफकट्ट्यावरही उभा राहिलेलो आहे, पण सोन्यापलीकडे कोणाला इतके कसून मोजताना पाहिले नव्हते. बिया दळल्या, कागदाच्या शंकूत भरल्या, शंकू आणि खालचे भांडे काट्यावर ठेवून काटा पुन्हा शून्यावर आणला आणि बगळ्याच्या मानेसारख्या चोचीच्या किटलीतून बारीक धारेने पाणी सोडले. थोडे ओतून ती अर्धा मिनिट थांबली. "आता फुगू द्यायचं," म्हणाली. पाणी बरोबर २४० ग्रॅम. पाणीसुद्धा वजनाने! 'पाणी विकायचा धंदा' हे माझे शब्द मला तिथे आठवले, ते काही सुखाने नव्हे.

कॉफी काळी, बिनदुधाची, बिनसाखरेची. पहिला घोट मला चहाच्या फडक्यातून गाळलेल्या पाण्यासारखा लागला. शेजारच्या चिठ्ठीवर चवी लिहिल्या होत्या : संत्र्याची साल, गूळ. मनात म्हटले, हे खोटे वर्णन झाले. पण ती निवत गेली तशी जिभेच्या कडेला काहीतरी आंबूस उमटले, आणि शेवटच्या दोन घोटांत गूळ नाही तरी काकवीपर्यंत मी आलो. संत्रे मात्र मला शेवटपर्यंत सापडले नाही.

चिठ्ठीवर मळ्याचे नाव होते, वाणाचेही : एस. ७९५. बाबा बुदान नावाच्या फकिराने सतराव्या शतकात मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा चिरंजीवांनी कॉलेजात असतानाच मला ऐकवली होती. दुसरी गोष्ट त्याने नोकरी सोडण्याच्या सुमारास सांगायचा प्रयत्न केला होता, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. कॉफी बोर्ड कायद्याने १९४२ साली उभे राहिले. त्यानंतर अनेक वर्षे मळेवाल्याने पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालायचे, आणि सगळ्यांची कॉफी एकत्र विकली जायची. चांगले पिकवणाऱ्याचे नाव वेगळे उरतच नसे. १९९० नंतरच्या दशकात हे बंधन सुटले, म्हणून आज पाकिटावर मळ्याचे नाव छापता येते. शंभरपैकी ऐंशी गुण पडले तर ती 'स्पेशॅलिटी', असे तो म्हणे. आमच्या वेळी पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य मिळायचे, एवढेच मी त्याला उत्तर दिले होते.

पोटात काही नव्हते. खाण्याच्या यादीत टोस्ट वगैरेंच्या खाली लिहिले होते : मऊ भात, मेतकूट, साजूक तूप, पोह्याचा पापड. आजारी पोराला द्यायचा पदार्थ हॉटेलात! मागवला. वाफ येत होती, तूप मधोमध खळगा करून सोडलेले. पहिलाच घास घेतला आणि हात थांबला. मेतकुटात डाळी, तांदूळ, गहू, मेथी, हिंग सगळ्यांच्याच असते, पण सुंठ जास्त आणि शेवटी जायफळाचा किंचित वास, ही आमच्या सासूबाईंची रत्नागिरीची रीत. होळीपासून घरात दर आठवड्याला भाजणीचा वास दरवळत होता. "भिशीतल्या बायकांना हवंय," असे सौ. म्हणाली होती, आणि मी ते बिनतपासणी मान्य केले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतके सफाईने कोणी फसवले नसेल.

भात मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. तोवर सव्वा तासात अकरा गिऱ्हाइके आली, हेही मोजले. जागेचे भाडे काय असेल याचा अंदाज मला आहे. अकरा म्हणजे फार नव्हेत.

मग निघताना खोड नडली. मांडणीवर बियांची पाकिटे होती, त्यांतले एक उचलले. वरच्या बाजूला टाचणीएवढे भोक. मी दाखवताच मुलगी म्हणाली, "ती झडप आहे काका. ताज्या भाजलेल्या बिया बरेच दिवस वायू सोडतात, तो बाहेर जातो, हवा आत येत नाही." बरे. मजकूर वाचला. पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता आहे, महिना-वर्ष आहे, कमाल किरकोळ किंमत आहे, निव्वळ वजन २५० ग्रॅम. "जरा काट्यावर ठेवता?" मी विचारले. तिने ठेवले. २७०.

"पाकीटच वीस ग्रॅमचं आहे," ती म्हणाली. "रिकामं पाकीट आधी ठेवून काटा शून्य करायचा, मगच भरायचं. सर त्यात फार कडक आहेत. खोक्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही म्हणतात."

तो आठ वर्षांचा झाला त्या संध्याकाळी मी त्याला पेढे घ्यायला नेले होते. दुकानदाराने खोक्यासकट पेढे तोलले. मी ते उतरवायला लावले, रिकामे खोके वेगळे तोलायला लावले, आणि त्यावर भर दुकानात त्या माणसाला दहा मिनिटे कायदा शिकवला. गिऱ्हाइके बघत होती. पोरगा माझा सदरा ओढत होता, "बाबा, चला ना." घरी आल्यावर त्याने पेढ्याला हात लावला नाही. सौ. मला म्हणाली होती, "आजच्या दिवस तरी नसतं केलंत तर?" त्याला त्या दिवशी माझी लाज वाटली, असेच मी आजवर धरून चाललो होतो.

पाकिटावर एक त्रुटी होती, ती मात्र मी सोडली नाही. बिलाच्या मागे लिहिले : 'ग्राहकाच्या तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक छापलेला नाही. नियमानुसार आवश्यक.' "हे तुमच्या सरांना द्या," म्हटले, आणि पूर्ण पैसे मोजून, छत्री उघडून बाहेर पडलो. पाऊस केव्हाच थांबला होता.

शनिवारी मुलगा परतला. रात्री जेवायला बसलो तेव्हा तो आमटीकडे पाहत म्हणाला, "मंगळवारी इन्स्पेक्टर येऊन गेले म्हणे."

"काय म्हणाले?"

"नंबर छापा म्हणाले."

"मग छाप."

सौ.ने मध्येच विचारले, "सुंठ जास्त झाली होती का हो?" ताटात त्या दिवशी मेतकूट नव्हते. मी म्हटले, "नाही. बरोबर होती."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "दुकानात गर्दीच्या वेळी फोन उचलायला कोणी नसतं. तक्रारीसाठी घरचाच नंबर छापला तर चालेल का, बाबा? तुम्ही असताच."

मी किंग्ज सर्कलला सकाळी जातो, तेवढी वेळ सोडून चालेल, असे सांगितले. पाटल्यांचा विषय अजून निघालेला नाही. त्याचा हिशेब मी वेगळ्या वहीत मांडून ठेवला आहे, आणि फंडाच्या पासबुकाशी तो ताडून पाहायचा आहे.

नवी पाकिटे गणपतीत आली. फोनजवळ मी एक वही आणि टोक केलेली पेन्सिल बांधून ठेवली. तीन आठवडे कोणाचीही तक्रार नाही. मग एका दुपारी घंटा वाजली. ठाण्याहून कोणी बाई बोलत होत्या. वहीत तारीख आणि वेळ लिहून मी म्हटले, "बोला, काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं ते मेतकूट वेगळं विकत मिळतं का?"

मी फोनवर हात धरून सौ.ला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावले.