घोटाईची वेळ

बोटांनी दगा दिला आहे. आयुष्य चुन्यात घातल्यावर दुसरं काय होणार? टोकांची कातडी बधिर झाली आणि भिंत आता सगळीकडे सारखीच लागते.

बाकीचं हाताखालच्यांवर सोपवता येतं. चुना विरवणं, मुरवणं, सुरखी, हिरडा-गुळाचं पाणी. अडतं ते घोटाईशी. शेवटचा पातळ थर चढवला की वाट बघायची. गारगोटी लवकर फिरवली तर आतलं पाणी वर येतं, थर दगडाला चिकटून निघतो. उशीर झाला तर दगड नुसता खरवडतो. तकाकी आली नाही ती नाहीच. या दोन्हींच्या मधली वेळ वाईला मार्चच्या दुपारी चहा पिऊन येईपर्यंत निघून जाते, कोकणातल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत रेंगाळते. त्यातही खिडकीलगतचा पट्टा आधी तयार, कोपरा मागे. भिंत विटेची की जांभ्याची, त्यावर पाण्याची ओढ बदलते. हे सगळं बोटं परस्पर बघून घ्यायची.

हल्ली आर्किटेक्ट मंडळींना निसर्गाशी नातं सांगणारी घरं हवीत: गुहेसारखे गोल कोपरे, मातकट भिंती. तक्रार नाही, पोट त्यावरच चालतं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचं २०१६ साली छापून आलं, तेव्हापासून लोक मलाही विचारतात, भांग घालता का? पण गोणीतून येणाऱ्या, अ‍ॅक्रिलिक मिसळलेल्या ‘चुन्या’ला मी चुना म्हणणार नाही. आणि चुना सगळा कार्बन परत घेतो म्हणून सांगत फिरणाऱ्यांनी एकदा भट्टीवर जावं. ९०० अंशांच्या आसपास दगड भाजताना त्यातून जो वायू सुटतो, तो चुना हवेतून हळूहळू ओढून घेतो आणि घट्ट होतो. खाली जळालेल्या कोळशाचा हिशेब त्यात नाही. तरी जुन्या वाड्याच्या भिंतीवर सिमेंट थापणाऱ्यांपेक्षा हे लोक परवडले. तिथे ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि वीट भुसभुशीत होऊन गळायला लागते.

हाताखाली एक मुलगी आहे, आर्किटेक्चर शिकलेली. ती बोटं लावतच नाही. मनगटाची आतली बाजू भिंतीला टेकवते आणि म्हणते, “काका, थांबा अजून.” बरोबर असतं तिचं. मला ते आवडत नाही.

घरमालक समोर असला की मी भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटायचो. मिटायची काही गरज नव्हती. बघणाऱ्यांना आवडायचं, मला त्याहून जास्त. अजूनही मिटतो. फक्त हल्ली मिटण्याआधी तिच्याकडे बघून घेतो.

पुढचं काम राजापूरजवळ आहे, जांभ्याचं घर, तेही पावसाच्या तोंडावर. तिथल्या हवेत मनगटालाच घाम असतो. तिला म्हटलं, तुझी युक्ती तिथे चालायची नाही. ती म्हणाली, “मग गाल लावीन.”