वीतभर खाली

नागपूरच्या आमच्या घरात दिवाणाखाली पत्र्याची एक पेटी आहे. दिवाळी सरली की तिच्यातून रजया बाहेर येतात, होळी झाली की परत आत जातात. त्याच सुमाराला माळ्यावरून कूलर उतरतो आणि त्याच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे घराची अशी हलवाहलव वर्षातून एकदाच व्हायची, आगोटीच्या वेळी, तीही पावसासाठी. एरवी एकच पातळ गोधडी बारा महिने उशाशी.

रत्नागिरीत दुपारचा पारा वर्षातले बहुतेक महिने तिशीच्या आगेमागे घुटमळतो. इथे मे महिन्याची सरासरीच बेचाळीसच्या वर. २०१३च्या मे महिन्यात नागपूरला ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि २०१८च्या डिसेंबरात ३.५ अंशांची. एकाच गावाच्या अंगावरून चव्वेचाळीस अंश गेले.

पहिल्या वर्षी मेमधल्या एका संध्याकाळी सासूबाई अंगणात खड्डा खणत होत्या. उन्हाळ्यात खड्डा तापू द्यायचा, मृगात कढीपत्ता लावायचा. ऊन उतरलं होतं, तरी अंगणात अनवाणी पाऊल ठरत नव्हतं. ‘‘हात घालून पाह्य बरं आत,’’ त्या म्हणाल्या. घातला. वीतभर खाली धग मुळीच नव्हती.

‘‘सारी आग वरच्यावर असते, बाई.’’

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकाला जे जमलं नव्हतं, ते त्या खड्ड्यानं मला कळवलं. जमीन ऊन खोल उतरू देत नाही. दिवसभराचा सगळा मारा त्या वीतभर थरावर पडतो, म्हणून तो भाजून निघतो. हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली, की रात्री तोच थर होतं नव्हतं ते सगळं आभाळाला देऊन टाकतो. समुद्राची रीत निराळी. पाण्यात ऊन खोल शिरतं, लाटा ते घुसळून आणखी खाली नेतात, बरीचशी उष्णता वाफ होऊन उडते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला एक अंश तापायला चार-पाच पट उष्णता लागते. म्हणून अरबी समुद्र वैशाखात फार तापत नाही, पौषात फार निवत नाही, आणि त्याचं हे धिमेपण खाऱ्या वाऱ्यांबरोबर दुपारी आईच्या पडवीत येतं. नागपूर आणि त्या पडवीच्या मध्ये सह्याद्री आहे आणि शेकडो कोसांची तापलेली जमीन. इथवर समुद्र पोचतो तो मृगानंतर, पाऊस होऊन. जुलैपर्यंत दुपारचा पारा दहा अंशांनी खाली येतो.

उत्तरेला हिमालय आडवा आहे, म्हणून आपलं एवढ्यावर निभतं. आशियाच्या पार पोटात, सायबेरियातल्या व्हर्खोयान्स्क गावी १८९२ साली पारा उणे ६७.८वर गेला होता. २०२०च्या जूनमध्ये तिथेच तो ३८वर चढला. त्या गावातल्या घरांच्या पेट्यांमध्ये काय काय भरलेलं असेल, असं मला रजयांच्या घड्या घालताना हटकून वाटतं.

इथल्या कोरडेपणाची मला आधी भीती वाटायची. कोकणात घाम अंगावर थांबतो, तहानेची आठवण देतो. इथे तो दिसायच्या आतच वाळून जातो, आणि माणसाला लू लागते. नवतप्यात सासूबाई मला कांदा पदराला बांधून द्यायच्या, दारात पन्ह्याचा पेला हातात ठेवायच्या. पण याच कोरड्या हवेमुळे वाळ्याचा ओला वारा खोली निववतो, माठातलं पाणी दाताला लागतं, कुरडया एका उन्हात खडखडीत होतात. माहेरी कूलर लावला असता तर नुसत्या भिंती ओलावल्या असत्या.

तरी मनानं मी इथली झाले ती काटोलजवळच्या मामेसासऱ्यांच्या बागेत. भर मे महिन्यात तिथली संत्र्याची झाडं मलूल उभी होती, पानं झडत होती. माझा जीव कळवळला. मी म्हटलं, ‘‘मामा, यांना पाणी का नाही देत?’’

‘‘ताणावर सोडली हायेत.’’

या दिवसांत पाणी तोडलं, की मृगाच्या पावसावर झाड एकदम फुलतं. तो मृग बहार. डिसेंबरच्या थंडीनं झाड निजतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतं, तो आंबिया बहार. म्हणजे ज्या दोन टोकांना मी कंटाळले होते, त्यांच्यावरच ही बाग फुलत होती. त्या दिवशी एका वाळक्या फांदीला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले.

मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तेव्हा रजया अजून बाहेर असतात आणि कूलर माळ्यावर. सासूबाई आता नाहीत. मी अंगणात, कढीपत्त्याच्या सावलीच्या काठावर पाट टाकते आणि संत्रं सोलते. पाठीवर ऊन चटकतं, सावलीतली पावलं गार पडलेली असतात.