निदान

मराठीत 'निदान' हा शब्द दोन कामे करतो. रोगाचे कारण ओळखणे म्हणजे निदान. आणि 'निदान एवढे तरी' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'किमान' असा होतो. हे दोन अर्थ वाटतात तितके दूरचे नाहीत, हे मला एका मुक्या मोटारीपाशी उमगले.

1912 साली चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला. तोवर गाडीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाचा अडेलपणा तेव्हा थेट दंडाला कळे. पुढे किल्ली आली, तरी ती फिरवताना मनगटाला काही तरी जाणवत असे. आजचे बटण मात्र नुसती विनंती पुढे धाडते. किल्ली गाडीत आहे का, ब्रेकवर पाय आहे का, गिअर योग्य जागी आहे का, हे संगणक आधी तपासतो आणि मगच स्टार्टरला वीज देतो. यांपैकी कुठेही 'नाही' आले, तरी आपल्या वाट्याला येते ती एकच शांतता.

आमच्या शेजारच्या काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे. एका सकाळी गाडी चालूच होईना. मुलगा घाबरून बटणावर बटण दाबत होता. काकू म्हणाल्या, "थांब जरा. निदान काय काय चालतंय, ते तरी बघ."

त्या 'निदान'पासूनच खरे निदान सुरू झाले. दिवे लख्ख लागत होते, म्हणजे गाडीची बॅटरी अगदीच उतरलेली नव्हती. समोर किल्ली सापडत नसल्याचा संदेश होता. किल्लीतला नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला, की तिचा आवाज गाडीपर्यंत पोचत नाही. परंतु तिच्यात आणखी एक चिप असते. तिला सेल लागत नाही. अनेक गाड्यांत बटणाजवळच्या वेटोळ्यातून तिला पुरेशी ऊर्जा मिळते. मुलाने किल्ली बटणाला टेकवली, ब्रेक दाबून बटण दाबले, आणि इंजिन सुरू झाले. काका वेळेवर पोचले.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर खुणा निराळ्या असतील. प्रश्नांचा क्रम मात्र हाच ठेवा. दिवे मंद असतील आणि भराभर टकटक ऐकू येत असेल, तर बॅटरीवर किंवा तिच्या गंजलेल्या टर्मिनलवर संशय घ्या. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12 च्या खाली गेला असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे. दिवे ठीक आहेत, किल्लीही ओळखली आहे, तरी गाडी गप्प? मग कोणाला तरी मागे उभे करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागले नाहीत, तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज तपासावा लागेल. हाताने गिअर बदलायच्या गाडीत क्लचचा स्विचही असाच अडून बसतो. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मध्ये चालू होत नसेल, तर ब्रेक दाबून धरून 'न्यूट्रल'मध्ये प्रयत्न करा. एकदाच ठक्क असा आवाज आला, तर दोष बहुधा स्टार्टरकडे किंवा त्याच्या जोडणीकडे आहे. आणि इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल, तर बटणाने आपले काम केलेले आहे. आता इंधन, ठिणगी किंवा चोरीरोधक यंत्रणेचा दिवा पाहायचा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईघाईत दोन-तीन बदलल्या, तर गाडी चालू होईल. पण दोष कोठे होता, हे अंधारातच राहील, आणि पुढच्या वेळी पैसे भलत्याच भागावर खर्च होतील.

एवढे करूनही मेकॅनिकला बोलवावे लागले, तर 'गाडी चालू होत नाही' या चार शब्दांवर थांबू नका. दिवे कसे आहेत, आवाज कोणता आला, संदेश काय होता, हे सांगा. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही अचूक वर्णनाचा सराव करत आहातच. त्या वर्णनात निम्मे निदान होऊन गेलेले असते.