चुकलेली गाडी

पाठीवर पिशव्या अडकवून युरोपातून चालत जायचे, असा बेत मी आणि माझ्या मैत्रिणीने 2009 साली केला होता. एम.ए.च्या वर्गापासूनची ही मैत्रीण पुढे बँकेत अधिकारी झाली आणि मी मराठी शिकवू लागले. बेत अगदी तपशीलवार होता. जर्मनीच्या काळ्या अरण्यातून 'वेस्टवेग' नावाची एक पायवाट जाते. फोर्झहाइमपासून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत सुमारे 285 किलोमीटर. 1900 साली ती आखली गेली. झाडांवर, दगडांवर लाल चौकटीची खूण असते, त्या खुणेमागून जात राहायचे. त्याआधी हायडेलबर्ग पाहायचे, हा माझा हट्ट. गुंथर सोन्थायमर तिथे शिकवीत. धनगरांबरोबर महाराष्ट्राच्या माळांवरून हिंडलेला, खंडोबा-बिरोबाचा शोध घेणारा हा जर्मन अभ्यासक. त्यांच्या गावाचे रस्ते एकदा पायांखाली यावेत असे मला वाटे. आणि हे सारे ऑक्टोबरात, पानगळीच्या दिवसांत.

2010 च्या उन्हाळ्यात मी तिला कळवले, की महाविद्यालयाने रजा मंजूर केली नाही. ती एकटी गेली. हायडेलबर्गहून तिचे कार्ड आले. नेकार नदी, वर लालसर दगडाचा भग्न किल्ला, मागे दोनच ओळी. ते कार्ड मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले आणि युरोपाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

गेल्या ऑक्टोबरात तिनेच विचारले, "पोलादपूरहून महाबळेश्वरला चालत जाऊ या?" अंतर सुमारे 40 किलोमीटर, दोन दिवसांचे. आंबेनळी घाटातून मी गाडीने अनेकदा गेले आहे. पण खिडकीतून दिसतो तो घाट म्हणजे वळणे, मळमळ आणि मधूनच उघडणारी दरी. मी हो म्हटले.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी थांबून आम्ही निघालो. 'शिवभारत'कार या आडगावी विसावले आहेत, हे विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितले असेल. तिथे हात जोडून उभी राहिले ती मात्र पहिल्यांदाच. कापड्याच्या पुढे रस्ता चढू लागला. खाली भात पिवळे पडले होते, काही खाचरांत कापणी सुरू होती. उतारांवर नाचणीची कणसे वळलेली. गवताच्या टोकांवर सोनेरी झाक आली होती, पण रान हिरवेच होते. वर्गात मी 'ऑटम' या शब्दापुढे सवयीने 'शरद' लिहीत आले. त्या दिवशी ती सवय मला खटकली. आपल्या शरदात पान गळत नाही. आपली पानगळ शिशिरातली. आपला शरद म्हणजे पाऊस सरून वाटा मोकळ्या होण्याचा काळ, निघण्याचा काळ. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात ते उगीच नव्हे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली जे घडले, तेही पावसाळा उलटल्यावरच.

मात्र निघणारा प्रत्येक जण हौसेने निघत नसे. खानाचे सैन्य महाबळेश्वराकडून ज्या घाटाने जावळीत उतरले, त्याचे नाव रडतोंडीचा घाट. हे नाव सहलीला आलेल्यांनी ठेवलेले नाही. ओझे घेऊन चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी ठेवलेले आहे. पुढे इंग्रजांनी गाडीरस्ता केला आणि आंबेनळीला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव दिले. ते नाव आज कुणाच्या तोंडी नाही. 'रडतोंडी' मात्र टिकून आहे.

आणि रडे अजून संपलेले नाही. याच घाटात 28 जुलै 2018 रोजी दापोलीहून सहलीला निघालेली बस दरीत कोसळली. एक जण सोडून सारे गेले. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्या दिवशी महाडजवळ तळिये गाडले गेले. या तालुक्यात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी माणसे नेली. ठिकठिकाणी डोंगराची साल सोलल्यासारखे लाल पट्टे दिसतात. गाडीतून ते सुंदर वाटले होते. पायी चालताना त्यांच्याखालून जावे लागते, आणि दोघीही न बोलता पावले उचलतात.

अकराच्या सुमारास एका वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई भेटली. आम्हांला पाहून ती थांबली. "यष्टी चुकली काय बायांनो? आता दुपारपातूर गाडी नाय."

तिचा प्रश्न रास्त होता. या रस्त्याने चालतो तो ज्याची गाडी चुकली तो, किंवा ज्याच्यापाशी गाडीभाडे नाही तो. हौसेने चालतो आहोत, हे भाऱ्याखाली उभ्या असलेल्या बाईला कसे सांगावे? मी चटकन म्हणाले, "हो ना, चुकली." तिने सहानुभूतीने मान हलवली, पुढच्या वाडीत पाणी मिळेल म्हणून सांगितले आणि ती निघून गेली.

मैत्रीण हसली. "तुला हे लगेच जमतं," ती म्हणाली. "मागेही तुझी रजाच नामंजूर झाली होती."

मी थांबले. पंधरा वर्षे मी जे झाकून ठेवले होते ते तिने त्या वळणावर सहज उघडे केले. 2010 साली मी तासिका तत्त्वावर शिकवीत होते. म्हणजे जितके तास तितके पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले. सुट्टीत काहीच नाही. रजा नामंजूर व्हायला आधी रजा असावी लागते. मला नोकरी होती, पण रजा नावाची वस्तूच नव्हती. व्हिसासाठी पगाराच्या चिठ्ठ्या आणि महाविद्यालयाचे पत्र लागणार होते. चिठ्ठ्या नव्हत्या आणि पत्र मागण्याची हिंमत नव्हती. मुळात विमानाचे भाडेच नव्हते. वर्गात मुले 'मॅडम' म्हणत होती आणि महिनाअखेर मी भावाकडून उसने घेत होते. हे तिला सांगण्यापेक्षा संस्थेला दोष देणे सोपे गेले.

"तुला माहीत होतं?"

"तासिकावाल्यांना रजा कुठली गं? बँकेत रोज पगाराच्या चिठ्ठ्या पाहायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पैसे देऊ करावे लागले असते. तू घेतले नसतेस. आणि मग आपण एकमेकींकडे गेलो नसतो."

संध्याकाळी कुंभरोशीला एका घरी उतरलो. पिठलं-भाकरी खाऊन ओटीवर पाय पसरून बसलो, तेव्हा तिने उरलेले सांगितले. वेस्टवेग तिने पुरा केलाच नव्हता. पाच दिवस चालून हाउसाखला पोहोचली, आणि तिथल्या स्थानकावर गाडीत बसली. "खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. वाट चुकायची भीतीच नव्हती. पण दिवसाअखेर, आज किती दमलो, हे कुणाला सांगायचं?" इतकी वर्षे मी समजत होते, की माझ्यावाचून ती बाझलला पोहोचली. त्या समजुतीने मला जेवढे अपराधी वाटले, तेवढाच तिचा हेवाही वाटला होता. दोन्ही फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाबळेश्वर आले. जिच्या खोऱ्यातून आम्ही चढलो ती सावित्री इथूनच पश्चिमेला उतरते. कृष्णा इथूनच पूर्वेला. पायांना फोड आले होते. मला आता पूर्णवेळ नोकरी आहे, रजा आहे, पगाराची चिठ्ठीही आहे; वेस्टवेगवर जायचे तर जाता येईल. मैत्रीण तसे म्हणालीही. मी "बघू" म्हटले, आणि या वेळी त्या शब्दामागे काहीही लपवलेले नव्हते.

परतताना पोलादपूरची एस.टी. धरली. दोन दिवसांची चढण दीड-दोन तासांत उतरली. ते वळण आले तेव्हा मी खिडकीतून पाहिले. रस्त्याच्या कडेने तीच की दुसरी कोणी बाई भारा घेऊन चालली होती. गाडी तिच्या अंगावर धूळ उडवून पुढे गेली. आमची गाडी चुकली नव्हती, हे तिला आता कळले असते तर तिला काय वाटले असते, याचा विचार मी पोलादपूर येईपर्यंत करीत होते.